बाराव्या वर्षीचं वजन

दहा वर्षांच्या मुलींना एक साधा प्रश्न विचारला होता: तू फार जाड आहेस, असं तुला कुणी म्हटलंय का? वडील, आई, भाऊ, बहीण, जिवलग मैत्रीण, शिक्षक, वर्गातला मुलगा अशी यादी समोर होती. ज्याने म्हटलं असेल त्याच्यापुढे खूण करायची. अमेरिकेतल्या २,३७९ मुलींच्या वाढीची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या एका अभ्यासातला हा प्रश्न. त्यांतल्या ५८ टक्के मुलींनी कुणा ना कुणापुढे खूण केली. त्याच मुली एकोणीस वर्षांच्या झाल्यावर त्यांची वजनं पाहिली, तर दहाव्या वर्षी ज्यांना जाड म्हटलं गेलं होतं, त्या लठ्ठ असण्याची शक्यता इतरांच्या १.६६ पट निघाली. कुणी म्हणेल, त्या आधीच वजनदार असतील, म्हणून तर लोक बोलले. जेफ्री हंगर आणि जॅनेट टोमियामा या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा दहाव्या वर्षीच्या प्रत्यक्ष वजनाचा आणि घरच्या उत्पन्नाचा परिणाम हिशेबातून वेगळा काढलेला होता. तरीही फरक उरलाच.

एखाद्या शब्दाने लठ्ठपणा येतो, असं काही यातून सिद्ध होत नाही. पण आपण पिढ्यानपिढ्या एक गोष्ट धरून चाललो आहोत: पोराला त्याच्या वजनाची जाणीव करून दिली की ते सावध होईल, खाण्याला आवर घालेल, बारीक होईल. या समजुतीला आधार सापडत नाही. पुरावा उलट्या बाजूला झुकतो. सुट्टीत भेटलेली आत्या "काय गं, केवढी सुटलीस!" म्हणते, लग्नाच्या पंगतीत कुणी "हिला भात कमी वाढा हं" म्हणून वाढप्याचा हात अडवतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. ऐकणारीचं वय मात्र अकरा-बारा असतं, आणि नेमकं त्याच वयात तिच्या शरीराला वजन वाढवायचं असतं.

वयात येण्याआधी मुलगा आणि मुलगी यांच्या शरीरातलं चरबीचं प्रमाण जवळपास सारखं असतं. पुढच्या चार-पाच वर्षांत वाटा फुटतात. मुलाच्या अंगावर स्नायू चढतात आणि चरबीचं प्रमाण घटतं. मुलीच्या नितंबांवर, मांड्यांवर, छातीवर चरबी साठते आणि वाढ पुरी होईपर्यंत तिच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबीचा होतो. निरोगी, नीट वाढलेल्या मुलीचं हे प्रमाण आहे. ती जास्त खाते म्हणून ते येत नाही. त्यातला क्रमही ठरलेला असतो. मुलीची उंची आधी झपाट्याने वाढते. तो वेग कळसाला पोचून उतरू लागला की साधारण सहा महिन्यांनी वजन वाढण्याचा वेग कळसाला पोचतो, आणि पाळी बहुधा याच सुमारास किंवा थोडी पुढे सुरू होते. म्हणजे कालपर्यंत शेलाटी, भराभर उंच होत गेलेली मुलगी उंचीत मंदावते आणि अंगाने भरू लागते. घरच्यांना वाटतं, काहीतरी बिघडलं. खरं तर सगळं वेळापत्रकानुसार चाललेलं असतं. प्रौढ वयातल्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग माणूस याच वर्षांत कमावतो.

या चरबीला काम आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते चरबीच्या पेशींतून रक्तात उतरतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला शरीरात शिल्लक किती आहे याची खबर देतं. भूक किती लागावी हे या खबरीवर ठरतं. प्रजननसंस्था चालू करायची की नाही, हेही. ब्रिटनमध्ये सदफ फारूकी आणि स्टीफन ओराहिली यांनी जन्मापासून लेप्टिन न बनणारी मुलं तपासली आहेत. अंगावर भरपूर चरबी असूनही तिची खबर मेंदूला मिळत नाही, म्हणून त्यांची भूक शमत नाही आणि वयात येणंही अडून राहतं. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली की भूक आवरते आणि योग्य वय होताच पौगंडावस्थेची चाकंही फिरू लागतात. साठा पुरेसा आहे, याची खात्री पटल्यावरच मेंदू पाळीचं चक्र चालवतो. पोटात रोज जाणारं अन्न आणि अंगावरची चरबी एका पातळीखाली गेली की हायपोथॅलॅमसचे संकेत मंदावतात, बीजकोश थंडावतात, पाळी लांबते आणि मग थांबते.

पाळी थांबली की काही मुलींना बरंच वाटतं, परीक्षेच्या दिवसांत तेवढीच कटकट कमी. पण पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन घटलेलं असतं, आणि इस्ट्रोजेन घटलं की हाडं भरायची थांबतात. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती हाडांची, कारण तिथे गेलेली वेळ परत मिळवणं फार अवघड. उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या काळाच्या आगेमागे जेमतेम दोन वर्षांत प्रौढ हाडांमधल्या खनिजांपैकी साधारण पाव हिस्सा भरला जातो. अठराव्या वर्षापर्यंत मुलीच्या हाडांच्या कमाल घनतेपैकी सुमारे ९० टक्के कमाई होऊन गेलेली असते. पुढे भर पडते ती थोडी, आणि उतारवयात तर फक्त घट. डब्यातली पोळी तशीच परत आणणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला साठीतल्या मोडक्या खुब्याची भीती घालून काही होत नाही. पालकांना मात्र हे ठाऊक असायला हवं.

उपाशी राहिलेल्या मनाचं काय होतं, याचा सगळ्यात बारकाईने झालेला अभ्यास मुलींवर झालेला नाही, तो तरुण पुरुषांवर झाला. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपभर माणसं भुकेने कोलमडली होती आणि त्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण निवडले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक. लढाईऐवजी त्यांनी ही सेवा पत्करली होती. पहिले तीन महिने पोटभर जेवण, मग सहा महिने साधारण निम्मं, दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी. पुढे पुन्हा भरण. सहा महिन्यांत त्यांचं वजन सरासरी पाव हिश्श्याने उतरलं.

शरीरं थंड पडली, नाडी मंदावली, केस गळले. हे अपेक्षितच होतं. कीज यांच्या सहकाऱ्यांना चकित केलं ते मनांनी. चांगली शिकलेली, विचारी माणसं दिवसभर फक्त अन्नाचा विचार करू लागली. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत. एवढंसं जेवण दोन-दोन तास पुरवत, ताटली चाटत. चिडचिड वाढली, मित्र नकोसे झाले, वाचलेलं डोक्यात शिरेना. काहींना स्वतः खंगलेले असताना आजूबाजूची नेहमीची माणसंच जाड दिसू लागली. यांतल्या एकालाही प्रयोगाआधी असला त्रास नव्हता. डाएटिंग करणाऱ्या मुलीच्या वागण्यात हीच चिन्हं दिसली की आपण म्हणतो, हिचा स्वभाव बदलला, नखरे वाढले. भुकेलेला मेंदू असाच वागतो. आणि जेवण पुन्हा सुरू झाल्यावर? कित्येकजण हजारो कॅलरी रिचवूनही समाधान होत नाही म्हणत राहिले. चरबी स्नायूंच्या आधी परतली, आणि मूळच्यापेक्षा जास्त परतली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशींनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीची रोजची गरज सुमारे २,४०० कॅलरी आहे. तिच्या फोनवर फिरणारे कित्येक डाएट चार्ट १,२०० चे असतात. मिनेसोटातल्या भुकेल्या तरुणांना मिळत होतं त्याहूनही हे कमी, आणि त्यांना तर यापुढे उंची वाढवायची नव्हती.

म्हणून किशोरवयातल्या डाएटिंगचे निकाल वाचताना आश्चर्य वाटत नाही. अमेरिकेत ९ ते १४ वयोगटातल्या सुमारे १५ हजार मुला-मुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला. २००३ मध्ये ॲलिसन फील्ड यांनी प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात डाएट करणाऱ्यांचं वजन न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेलं आढळलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात जॉर्ज पॅटन यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना तीन वर्षं पाहिलं. कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार जडण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट होती, मध्यम डाएट करणाऱ्यांना ५ पट. कडक डाएट करणाऱ्या मुली थोड्या होत्या, मध्यम करणाऱ्या पुष्कळ. त्यामुळे नव्या रुग्णांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश या दुसऱ्या गटातूनच आल्या. "ती काही फार करत नाही, फक्त रात्रीचं जेवण सोडलंय" या वाक्याने निर्धास्त होऊ नये, ते या आकड्यामुळे.

हे सगळं मुळात सुरू कुठून होतं? शरीर तर हजारो वर्षं याच क्रमाने वाढत आलंय. त्याकडे बघण्याची नजर बदलते, आणि ती किती झटकन बदलू शकते याचं जगातलं सर्वांत बोलकं उदाहरण फिजी बेटांवरचं आहे.

ॲन बेकर या हार्वर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. त्या फिजीच्या नांद्रोंगा प्रांतात पूर्वीपासून काम करत होत्या. तिथल्या मूळ फिजीयन लोकांत भरलेलं अंग हे कुटुंबाने, गावाने नीट काळजी घेतल्याचं चिन्ह मानलं जाई. कुणी वाळलं की घरच्यांना चिंता वाटे, शेजारी विचारपूस करत, आग्रहाने जेवायला घालत. आपल्याकडेही खात्यापित्या घरचं लेकरू कसं दिसावं, याची कल्पना फार वेगळी नव्हती. १९९५ मध्ये नांद्रोंगात टीव्ही आला. तो येताच काही आठवड्यांत बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींना खाण्याच्या सवयींविषयीची प्रश्नावली दिली. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींना तीच प्रश्नावली दिली. चिंता वाटावी इतके गुण पडणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी उलटी काढणारी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. आपण फार जाड आहोत असं कधी ना कधी वाटल्याचं ७४ टक्के मुलींनी सांगितलं.

दोन्ही वेळच्या मुली मिळून सव्वाशेच्या आसपास, शिवाय त्याच वर्षांत तिथे पर्यटन, पैसा, नोकऱ्या असं बरंच बदलत होतं. सगळा दोष टीव्हीच्या माथी मारता येत नाही, बेकरही मारत नाहीत. मला त्यांच्या मुलाखतींतला एक धागा जास्त महत्त्वाचा वाटतो. मालिकांतल्या बारीक नायिकांकडे चांगली नोकरी, शहर, मान होता, आणि आपल्यालाही तिथे जायचं तर तसं दिसावं लागेल, अशी गाठ त्या मुलींनी बांधली होती. आईच्या आयुष्यापेक्षा वेगळं आयुष्य हवं असलेल्या मुलींची ती धडपड होती. तिला नटवेपणा म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं आहे. मुंबई-पुण्यात, नाशिक-लातूरात आज जी मुलगी आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते, तिच्याही मनात पुष्कळदा हाच हिशेब असतो.

आपल्याकडे 'झिरो फिगर' हा शब्द शाळेच्या मैदानापर्यंत पोचला तो २००८ च्या 'टशन' चित्रपटातल्या करीना कपूरमुळे. तेव्हा निदान ती पडद्यावरची नटी होती, आणि आपण कोण हे बघणाऱ्या मुलीला माहीत होतं. आता पडद्यावर स्वतःच्याच वर्गातली मैत्रीण असते, फिल्टर लावलेली. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात १४ ते १८ वर्षांच्या १४४ मुलींपैकी काहींना साध्या, तर काहींना सफाईने बारीक केलेल्या इन्स्टाग्राम छायाचित्रांकडे बघायला दिलं. बदललेली छायाचित्रं पाहणाऱ्यांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं मत तेवढ्यानेच खाली घसरलं. दुसऱ्यांशी तुलना करण्याची सवय असलेल्यांचं अधिकच. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन यांनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं उघड केली. किशोरवयीन मुलींपैकी तीनात एकीचा शरीराबद्दलचा न्यूनगंड इन्स्टाग्राम वाढवतं, अशी नोंद त्यांत कंपनीच्याच संशोधकांनी केलेली होती. दिलासा देणारी बाब अशी की यावर उतार दिसतो. कॅनडातल्या गॅरी गोल्डफील्ड यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १७ ते २५ वर्षांच्या तरुणांनी तीन आठवडे समाजमाध्यमं दिवसाला तासाभरावर आणली, एवढ्यावर त्यांचं स्वतःच्या दिसण्याबद्दलचं समाधान वाढलं.

मुलांविषयी बोलायचं राहून जातं, कारण त्यांची भाषा वेगळी असते. मुलाला बारीक व्हायचं नसतं, 'बॉडी बनवायची' असते. हार्वर्डचे हॅरिसन पोप यांनी १९९० च्या दशकात व्यायामशाळांत अशी तरुण मंडळी पाहिली, जी पिळदार असूनही स्वतःला किडकिडीत समजत होती. पोप यांच्या गटाने खेळण्यांतले सैनिक मोजून पाहिले. जी. आय. जो हा बाहुला माणसाइतका उंच धरला तर १९६४ मध्ये त्याचा दंड सुमारे १२ इंचांचा होता, नव्वदच्या दशकाअखेरच्या त्याच्या एका अवतारात तो २६ इंचांच्या पुढे गेला होता. असा दंड माणसाला नसतो. आज नाक्यानाक्यावर जिम आहे, आणि दहावी झालेल्या मुलाला तिथे प्रोटीनच्या डब्यापासून इंजेक्शनपर्यंत सगळं सुचवणारं कुणीतरी भेटू शकतं. स्टिरॉइड वाढीच्या वयात घेतलं तर हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा थर वेळेआधी बंद होतो आणि उंची तिथेच थांबते. हे त्या मुलाला आधी कुणी सांगत नाही.

आता आपल्या देशाचं चित्र. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं-मुली वयाच्या मानाने कृश आढळली. वजन जास्त असलेली ५ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्क्यांना रक्तक्षय होता, आणि त्याआधीच्या फेरीपेक्षा हा आकडा वाढलेला होता. ज्या देशात पाचांपैकी जवळपास तीन तरुण मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, तिथे त्याच मुलींना 'खाणं कमी कर' सांगणं मला क्रूर वाटतं. पाळीबरोबर लोह जात असतं, वाढीलाही ते लागत असतं, आणि डाएट सुरू होतं तेव्हा पहिल्यांदा ताटातून जातात त्यांत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, उसळ हेच असतं. चिप्सचं पाकीट शेवटपर्यंत टिकतं.

दुसरं एक सत्य पुण्याने जगाला शिकवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन संशोधकांचं शेजारीशेजारी उभं असलेलं छायाचित्र आलं: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच उत्तर देत होता. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून चरबीचा असू शकतो आणि त्याची मुळं आईच्या पोटात असताना घडतात, हे याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळंतिणींच्या दीर्घ अभ्यासातून मांडलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी. कमी होते ते मुख्यतः स्नायू, चरबी बरीचशी टिकून होती. मुलगी उद्याची आई आहे म्हणून तिने जेवावं, असं मी म्हणणार नाही. तिने स्वतःसाठी जेवावं. पण डाएट करून हडकुळं झालेलं शरीर निरोगी असतं, हा भ्रम तरी या संशोधनाने पुसायला हवा. उपाशी राहिल्याने स्नायू झडतात, आणि आपल्याकडे आधीच ते कमी आहेत. या वयात शरीराला धावणं, कबड्डी, खो-खो, दोरीच्या उड्या, पोहणं आणि पोटभर प्रथिनं हवी असतात.

मग मुलाचं वजन योग्य आहे का, हे ओळखायचं कसं? मोठ्यांचं बीएमआयचं कोष्टक मुलांना लावायचं नाही. फोनवरची कित्येक ॲप नेमकं तेच करतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्यांत वय आणि लिंग पाहून रेघा आखलेल्या आहेत. महत्त्व असतं ते मूल वर्षानुवर्षं आपल्या रेघेच्या आसपास चाललंय का, याला. वर चाललेलं मूल अचानक दोन रेघा खाली उतरलं, तर त्याचं वजन शेजारच्या मुलापेक्षा जास्त असलं तरी ती काळजीची बाब आहे. लोक त्याचं कौतुक करत असतात, "किती छान बारीक झालास!", आणि म्हणून ती हातून निसटते.

न जेवण्याला आपल्या घरात एक मानाची जागा आहे, ती म्हणजे उपास. श्रद्धेने केलेल्या उपासाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण चतुर्थी, गुरुवार, शनिवार, श्रावणी सोमवार असे उपास एकाएकी वाढत गेले, आणि खिचडीही नको, नुसतं पाणी चालेल असं सुरू झालं, तर घरातल्या मोठ्यांनी थांबून बघायला हवं. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दिवसातून दोनदाच जेवण्याची लाट आली होती. आई-बाबा घरात तसं वागू लागले की तेराव्या वर्षीचं मूल तेच करतं, आणि त्याची गरज आई-बाबांसारखी नसते. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवत जाण्याच्या विकाराच्या, ७० रुग्णांची पाहणी मांडली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी जाड होण्याची भीती बोलूनच दाखवली नव्हती. पोट फुगतं, भूकच नाही, जात नाही, असं त्या म्हणत. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या व्याख्येत त्या बसत नव्हत्या, पण वाळत मात्र तितक्याच होत्या. आपल्या मुली काय सांगतात हे ऐकताना ही पाहणी आठवावी. 'ॲसिडिटी होते' म्हणून महिनोन्महिने जेवण टाळणारी मुलगी खरोखर पोटाचीच रुग्ण असेलही, पण तिच्या वजनाची रेघ बघितल्याशिवाय ते ठरवू नये.

वजन खरोखर जास्त असलेली मुलंही आहेत, शहरांत वाढत आहेत, आणि त्यांच्या मधुमेहाची, रक्तदाबाची काळजी खरी आहे. पण तिथेही मुलाला एकट्याला वेगळं ताट देऊन काही साधत नाही. वाढत्या वयाचा फायदा असा की वजन घटवावं लागतंच असं नाही. ते काही काळ आहे तिथे राहिलं आणि उंची वाढली तरी प्रमाण सुधारतं. घरातल्या सगळ्यांनी गोड पेयं कमी करायची, झोपेची वेळ सांभाळायची, संध्याकाळी क्लासऐवजी तासभर खेळायला सोडायचं, शक्य होईल तेवढ्या वेळा एकत्र जेवायचं. मिनेसोटातल्या जेरिका बर्ग यांच्या २०१३ च्या अभ्यासात एक बारीक फरक दिसला. ज्या घरांत आई-वडील मुलांशी वजनाबद्दल बोलत, तिथली मुलं वजन घटवण्याच्या अघोरी उपायांकडे अधिक वळली; जिथे पौष्टिक खाण्याबद्दल बोलणं होई पण वजनाचा विषय निघत नसे, तिथे हे प्रमाण कमी होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये आपल्या डॉक्टरांना दिलेला सल्लाही तोच: डाएट सुचवू नका, वजनाच्या गप्पा नकोत, चिडवणं तर मुळीच नको. आई स्वतःच्या पोटाला रोज आरशात नावं ठेवते, तेही मुलगी ऐकत असते.

डॉक्टरांकडे कधी जायचं? सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही तर. चक्कर येते, हात-पाय सतत गार असतात, उन्हाळ्यात अंगभर सैल कपडे घातले जातात, जेवून उठल्याबरोबर न्हाणीघराचं दार बंद होतं, व्यायाम चुकला की घाबरंघुबरं व्हायला होतं, एकत्र जेवायचं टाळलं जातं, यांतलं काही दिसलं तर. नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली गेली तर वाट पाहायचीच नाही. हृदय मंदावलेलं असतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला घरीच एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं ठरतं, कारण रक्तातलं फॉस्फेट एकाएकी घसरू शकतं. आधी बालरोगतज्ज्ञ, मग गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

ॲनोरेक्सिया हा मनाच्या आजारांमधला सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे, तरी किशोरवयात तो बरा होण्याची आशा बरीच असते. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात एक उपचारपद्धती आकाराला आली. त्याआधी अनेक वर्षं आई-वडिलांनाच या आजाराचं कारण धरून दूर ठेवलं जाई. मॉडस्लीच्या मंडळींनी उलट केलं: दोष कुणाचा हा प्रश्न बाजूला ठेवला आणि जेवणाची सूत्रं आई-वडिलांच्या हाती दिली. मूल किती आणि काय खाईल हे काही आठवडे, काही महिने तेच ठरवतात, शेजारी बसतात, रडारड झाली तरी ताट संपेपर्यंत उठत नाहीत. वजन सावरलं की खाण्याची जबाबदारी टप्प्याटप्प्याने मुलाकडे परत जाते, आणि शेवटी राहिलेल्या अभ्यासाचं, मैत्रीचं, घरापासून हळूहळू सुटं होण्याचं बोलणं होतं. गेराल्ड रसेल यांच्या गटाने १९८७ मध्ये या पद्धतीची चाचणी प्रसिद्ध केली. तिचा स्पष्ट फायदा झाला तो आजार अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेल्या आणि त्याला तीन वर्षं पुरी न झालेल्या रुग्णांना. त्यामुळे दहावीची परीक्षा होऊन जाऊ दे, मग दाखवू, असं करू नये. त्या आठवड्यातच दाखवावं.